सुभेदार, मी आणि अकोंकाग्वा

अकोंकाग्वाला जाऊन आलो असं सांगितलं की दिल्लीतले आमचे मराठी लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, "तिथं जेवायचं काय केलंत?" आणि दुसरा, "पण कशासाठी?" पहिल्याचं उत्तर पुढे येईलच. दुसऱ्याचं उत्तर मी गेली काही वर्षं शोधतोय, आणि माझी बायको मीनल म्हणते की ते सापडू नये म्हणूनच मी दरवर्षी नवा डोंगर शोधतो.

तर आधी माहिती. अकोंकाग्वा हे दक्षिण अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर, अर्जेंटिनात, सात हजार मीटरला थोडं कमी. प्रत्येक खंडातलं सर्वांत उंच शिखर चढायचं असं खूळ माझ्या डोक्यात शिरलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. आफ्रिकेतलं किलिमांजारो झालं, युरोपातलं एल्ब्रुस झालं, ऑस्ट्रेलियातलं तर चालत चालत, खिशात हात घालून झालं. अकोंकाग्वा चौथं. एव्हरेस्टचं नाव काढायला आमच्या घरात बंदी आहे.

गुडगाव

माझ्या पायाला भिंगरी आहे, हे आईनं मी रांगत असतानाच जाहीर केलं होतं. नगरहून दिल्लीला आलो तो स्पर्धा परीक्षेसाठी. करोल बागेतल्या एका खोलीत चौघे जण राहायचो. परीक्षा पास झालो, मंत्रालयात लागलो, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर मिळालं. शेजारी तेलुगू, वर बंगाली, खाली ओडिया, अंगणात पेरूचं झाड. मीनलला वाटलं, आता हा माणूस बसला. पण देशात खाजगी टेलिफोन कंपन्या निघाल्या, आणि मी नोकरी, क्वार्टर आणि पेरूचं झाड सोडून गुडगावात एका कंपनीत गेलो. आम्ही आठव्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा खिडकीतून एका बाजूला मोहरीची शेतं आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेले मनोरे दिसत.

त्यातल्याच एका मनोऱ्यात मी सराव करायचो. अठरा मजले, ना लिफ्ट, ना कठडा. पाठीवर आट्याच्या पिशव्या भरलेली सॅक घेऊन रोज सकाळी पाच वेळा वर-खाली. असंच एकदा धापा टाकत चढताना खालून हाक आली, "ओ साहब! ऊपर जाना मना है!" मी मराठीत पुटपुटलो ते छापण्यासारखं नव्हतं. खालचा माणूस हसला. "मराठी व्हय? मग या खाली, च्या घेऊ."

हे सुभेदार मारुती जाधव. दुष्काळी माण तालुक्यातले, फौजेतून निवृत्त झालेले, आता आमच्या सोसायटीच्या पहारेकऱ्यांचे प्रमुख. वय पंचावन्न, अंगानं काटक, मिशा पांढऱ्या. दुसऱ्या दिवसापासून ते माझा सराव बघायला उभे राहू लागले. आठवडाभर नुसतं बघितलं. मग म्हणाले, "साहेब, तुमी जिना चढत न्हाई, जिन्याशी भांडताय." त्यांनी मला चालायला शिकवलं. एक पाऊल, एक श्वास, मागच्या पायाला क्षणभर विश्रांती. अठरा मजले चढूनही ते बोलत राहायचे, आणि मी भिंतीला टेकलेला असायचो.

बोलता बोलता कळलं की फौजेत त्यांनी उभी हयात बर्फात काढली होती. अधिकाऱ्यांच्या मोहिमा निघायच्या, त्यांच्यापुढं जाऊन दोर बांधायचं काम सुभेदारांचं. शेवटच्या छावणीपर्यंत दोर बांधायचा, सामान पोचवायचं, आणि मग थांबायचं. माथ्यावर साहेब लोक जायचे.

"म्हणजे तुम्ही एकाही शिखरावर उभे राहिला नाहीत?" मी विचारलं.

"खालनं लय बघितली," ते म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, हवापाणी सांगावं तसं. मग थोड्या वेळानं, बिडी विझवता विझवता म्हणाले, "एकदा बघावं वाटतं, वरनं कसं दिसतं ते."

मी तिथल्या तिथं शब्द दिला. माझ्या कंपनीच्या जाहिरात विभागाला शिखरावर कंपनीचा झेंडा धरलेला फोटो हवा होता. मी म्हटलं, दोन माणसं पाठवा, तरच झेंडा जाईल. त्यांनी मान्य केलं. सुभेदारांना सांगितलं तेव्हा ते टाचा जुळवून उभे राहिले. "ठीक हाय, साहेब," एवढंच म्हणाले, पण त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या पहारेकऱ्यांना जिलेबी वाटली.

सामानाची खरेदी मीनलनं सरोजिनी नगरच्या बाजारात केली. परदेशी पाठवायच्या मालातून नाकारलेली पिसांची जाकिटं तिथं ढिगानं मिळतात. एकाची चेन उलटी, दुसऱ्याच्या बाह्या कमी-जास्त, पण ऊब अव्वल. "भैया, एक बाजू छोटी है, तो आधे का माल हुआ ना," असं म्हणत तिनं जी घासाघीस केली ती मी मंत्रालयातही पाहिली नव्हती. फक्त बूट दिल्लीत मिळेनात. बर्फात घालायचे दुहेरी प्लॅस्टिकचे बूट तिकडेच भाड्यानं घ्यायचे ठरले.

मेंडोझा

दिल्लीतलं धुकं सोडून आम्ही थेट उन्हाळ्यात उतरलो. मेंडोझा हे डोंगराच्या पायथ्याचं गाव, रस्त्यांवर दुतर्फा झाडं आणि प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी वाहतं पाणी. डोंगरातून आणलेले पाट गावभर फिरवलेत. सुभेदार पाटाच्या कडेला उकिडवे बसले आणि पाण्यात हात घालून बराच वेळ बघत राहिले. माणच्या माणसाला वाहतं पाणी दाखवू नये, त्याला तिथून उठवणं मुश्किल होतं.

आमचा वाटाड्या एर्नान, चाळिशीचा, उन्हानं रापलेला, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. त्याचा पहिला सल्ला: आज आराम करा, बूट उद्या निवांत बघू. पण दुपारी डोंगराकडे जाणारी बस होती, आणि मला एक दिवस वाया घालवायचा म्हणजे अंगावर काटा येतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी दोघांना ओढत बुटांच्या दुकानात नेलं. पाऊण वाजला होता.

आता दुपारची झोप ही काही पुण्याचीच मिरासदारी नाही. मेंडोझात एक ते पाच सगळं गाव शटर ओढून झोपतं. करोल बागेत दुकानदार गिऱ्हाइकाला हाताला धरून आत नेतो, इथला दुकानदार घड्याळाकडे बघत कुलूप हातात घेऊन उभा. माझे बूट लगेच जमले. सुभेदारांचे पाय लहान पण रुंद, पंजा पसरलेला, लहानपणी अनवाणी चालणाऱ्यांचा असतो तसा. त्यांच्या मापाचे बूट दोनच जोड होते. एक सैल, एक घट्ट. दुकानात एक लाकडी उतरण होती, तिच्यावरून चालून बोटं पुढं लागतात का ते बघायचं असतं. एर्नाननं तिकडे बोट दाखवलं. मी घड्याळाकडे बघितलं.

"सुभेदार, घट्टवाले बसतात ना?"

"बसत्यात, साहेब."

झालं. आम्ही बूट घेतले, बस पकडली, आणि माझा एक दिवस वाचला. तो दिवस मी अजून फेडतोय.

खेचरांचा चौक

डोंगराच्या तळछावणीचं नाव 'प्लासा दे मुलास', म्हणजे खेचरांचा चौक. तिथं पोचायला तीन दिवस चालावं लागतं. हिमालय पाहिलेल्या माणसाला हा रस्ता उघडाबोडका वाटतो. ना देवदार, ना गवताचं कुरण, ना चहाची टपरी. लाल, पिवळे, जांभळे डोंगर आणि नाकातोंडात धूळ. सामान खेचरं वाहतात. सुभेदारांची आणि खेचरवाल्यांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण खेचराच्या खुरात खडा अडकला की काय करायचं हे दोघांनाही येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार अचानक थांबले. "साहेब, कायतरी गडबड हाय." त्यांनी आकाशाकडे बोट केलं. "भर दुपारी सूर्य उत्तरेला गेलाय." खरंच गेला होता. आपण पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात आहोत हे मी नकाशावर शिकलो होतो. त्यांना ते सावलीवरून कळलं.

आता जेवण. अर्जेंटिनात माणसं सकाळ-संध्याकाळ गाईचं मांस निखाऱ्यावर भाजून खातात आणि पाहुण्याला आग्रह करतात. पहिल्या मेजवानीत सुभेदारांनी हळूच विचारलं, "कशाचं हाय?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग आज आपला उपास." पुढचे सगळे दिवस त्यांचा उपास चालला, म्हणजे पाव, भाजलेला भोपळा, आणि त्यांच्या बायकोनं बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी व बाजरीच्या कडक भाकऱ्या. त्या चटणीनं वरच्या छावणीत माझाही जीव वाचवला, कारण उंचीवर जिभेला दुसरी कसलीच चव लागत नाही.

तिथला 'माते' मात्र दोघांनीही प्यायला. एका लहान, वाळवून पोकळ केलेल्या भोपळ्यात कडू पाला, त्यावर गरम पाणी, आणि धातूची एकच नळी. तीच नळी सगळ्यांच्या तोंडून फिरते. माझा हात क्षणभर अडखळला. उष्टं न खाण्याचे संस्कार चाळीस वर्षांचे. सुभेदारांनी सरळ नळी तोंडाला लावली. "फौजेत उष्टं नसतंय, साहेब."

माझी पाळी आली, मी प्यालो आणि सभ्यपणे आभार मानले. त्यानंतर मला कोणी माते दिलाच नाही. मी थोडा दुखावलो. एर्नाननं उलगडा केला: इथं आभार मानले म्हणजे 'बस झालं, आता नको' असा अर्थ. पुरे असेल तेव्हाच आभार मानायचे, एरवी भोपळा मुकाट्यानं परत करायचा. सुभेदार तर मुकाट्यानंच परत करत होते, त्यामुळे त्यांना पुन्हा पुन्हा भरून मिळत होता. आठ वेळा प्यायले. उलगडा झाल्यावरही त्यांनी नववा घेतला. मी म्हटलं, "अहो, नको म्हणा की." ते म्हणाले, "देतोय त्याला नको कसं म्हणायचं?" त्या पेयात चहापेक्षा जास्त तरतरी असते, बिचारे पहाटेपर्यंत टक्क जागे.

मी खूप हसलो होतो. तेव्हा हसण्यापेक्षा थोडा विचार केला असता तर बरं झालं असतं.

वर

तळछावणीपासून वर तीन मुक्काम. सामान एक दिवस वर टाकून यायचं, परत खाली झोपायचं, दुसऱ्या दिवशी वर जायचं, मग एक दिवस नुसतं पडून राहायचं. रक्ताला उंचीची सवय व्हायला हवी म्हणून. हे पडून राहणं मला जमत नाही. मी तंबूभोवती फिरायचो, दोर तपासायचो, आकाश तपासायचो, एर्नानला तेच तेच प्रश्न विचारायचो. वारा अखंड. तंबूचं कापड असं फडफडत राहतं की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. सुभेदार बर्फ वितळवत, जाकिटाची उलटी चेन शिवत शांत बसलेले.

साडेपाच हजार मीटरवर एर्नान म्हणाला, "उद्या आराम." मी म्हणालो, "हवा चांगली आहे, चला." तो खांदे उडवून म्हणाला, "तू बरा आहेस. तो?" मी सुभेदारांकडे वळलो.

"जमेल ना?"

"जमेल, साहेब."

मी चौदा वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस. दिल्लीच्या कार्यालयात खालचा माणूस 'जी सर' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काहीही असू शकतो, हे मला पाठ होतं. तिथं मी प्रत्येक 'जी सर'च्या मागं जाऊन फाइल प्रत्यक्ष बघायचो. डोंगरावर मात्र मला हवं तेच उत्तर मिळत होतं, म्हणून मी मागं गेलो नाही.

शिखराच्या दिवशी झुंजुमुंजू होताना निघालो. मी झेंडा, कॅमेरा आणि बुटाचे काटे यांत गुंतलेलो. सुभेदार एका जागी उभे राहून पाय आपटत होते. बराच वेळ आपटत होते.

"काय सुभेदार, परेड चाललीय का?"

ते हसले. मीही हसलो. त्यांनी पुढं चालावं असं ठरलं होतं, पण तासाभरानं त्यांचा मंदावलेला वेग मला सहवेना आणि मी पुढं गेलो.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही एका मोठ्या खडकाच्या कपारीशी पोचलो. लोक तिला गुहा म्हणतात. इथून वर घसरड्या दगडांची एक घळ, आणि तिच्या डोक्यावर माथा. दोनेक तासांचं काम. आणखी एक-दोन चढाईवाले तिथं बसले होते. सुभेदार सगळ्यांत शेवटी आले, कपारीत टेकले आणि डोळे मिटून राहिले.

"चला, आता तुमचं शिखर," मी म्हणालो.

"तुमी व्हा पुढं, साहेब. मी हितं बसतो."

"काय होतंय?"

"काय न्हाई. दम खातो. झेंडा तुमच्याकडंच हाय न्हवं?"

एर्नाननं वाकून त्यांचे डोळे बघितले, नाव विचारलं, बोटं मोजायला लावली. सगळं ठीक. मग त्यानं मला बाजूला घेतलं. "एक उतरला तर सगळे उतरतात, हा नियम. पण तो म्हणतो ठीक आहे. तुझा मित्र आहे. खरं सांगतो का?"

त्या क्षणी मला माहीत होतं. ते पाय आपटणं, ते घट्ट बूट, तो नववा माते, सगळं एकदम समोर उभं राहिलं. आणि डोक्यावर, हात लांबवला तर लागेल असा माथा होता.

"सैनिक आहे," मी म्हणालो. "खरंच सांगतो."

एर्नान आणि मी वर गेलो. शिखरावर एक छोटासा धातूचा क्रूस आहे आणि आपल्या सोसायटीच्या गच्चीएवढी सपाट जागा. दक्षिणेला कडा सरळ खोल कोसळतो. मी झेंडा धरला, एर्नाननं फोटो काढला. ज्यासाठी एवढा जीव टाकला तिथं मी जेमतेम दहा मिनिटं होतो, आणि त्यातली निम्मी मी पुढचं शिखर अलास्कातलं करावं की कसं, याचा विचार करत होतो. मला स्वतःची लाज वाटायला पाहिजे होती. ती उतरताना वाटली.

सुभेदार सांगितल्या जागी होते. आम्हाला बघताच उठून उभे राहिले. "पोचला, साहेब? अभिनंदन!" ते स्वतःच्या पायांनी छावणीपर्यंत उतरले. बूट काढले तेव्हा दोन्ही पायांची बोटं खडूसारखी पांढरी पडली होती. एर्नाननं डाव्या पायाच्या करंगळीवर टिचकी मारली तर लाकडावर मारल्यासारखा आवाज आला. त्यानं माझ्याकडे वर बघितलंदेखील नाही. रात्रभर तो ते पाय आपल्या जाकिटात, पोटाशी धरून बसला.

तळछावणीतल्या डॉक्टरनं पट्ट्या बांधल्या आणि सुभेदारांना खेचरावर बसवून खाली पाठवलं. मी शेजारून चालत होतो.

"बोलला का नाहीत?" मी शेवटी विचारलं. आवाज चढला होता माझा. "पहाटेपासून पाय बधिर होते ना?"

"आदल्या दिवसापासनं," ते म्हणाले. मग मला समजावून सांगू लागले, जणू चूक माझ्या समजण्यात होती. "फौजेत सकाळी नाव द्यायचं असतंय, साहेब. आजारी हाय म्हणून सकाळी नाव दिलं तर माणूस आजारी. न्हाई दिलं तर धडधाकट. मग दिवसा मधीच न्हाई म्हणता येत. आन् तुमी सकाळी विचारलंच न्हाई."



पालम

दिल्लीच्या रुग्णालयात सुभेदारांच्या डाव्या पायाची दोन बोटं काढली. माझा झेंड्यासकटचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर आला. सोसायटीनं माझा सत्कार केला, आणि पट्टी बांधलेल्या पायानं सुभेदार पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होते. माझी मुलगी, दिल्लीत वाढलेली, मला म्हणाली, "बाबा, तू अंकलना सॉरी बोलला का?" मी म्हटलं, बोललो. "और उन्होंने क्या बोला?" ते म्हणाले, "ठीक हाय, साहेब."

डोंगर बंद, असं मी मीनलला सांगितलं होतं. ते अकरा दिवस टिकलं.

महिनाभरानं सुभेदारांनी आम्हाला जेवायला बोलावलं. विमानतळाच्या भिंतीलगत, पालम गावात त्यांच्या दोन खोल्या. दर थोड्या वेळानं डोक्यावरून विमान जायचं आणि मांडणीवरची भांडी थरथरायची. त्यांच्या पत्नी कौसल्याबाई चुलीऐवजी गॅसवर, पण चुलीसारख्याच ऐटीत बाजरीच्या भाकऱ्या थापत होत्या. मला एका जागी बसवत नव्हतं. भिंतीवरचे सुभेदारांचे फौजेतले फोटो मी तीनदा बघून आलो. सगळ्यांत ते कडेला, हातात दोराची वेटोळी.

जेवताना त्यांनीच विषय काढला. "आता कुठला, साहेब?"

"अलास्का," मी म्हणालो. आणि मग, देवाशपथ, माझ्या तोंडून निघालं, "पुढच्या उन्हाळ्यात. याल ना?"

मीनलचा घास हातातच राहिला.

"येतो की," सुभेदार म्हणाले. "ठीक हाय, साहेब."

कौसल्याबाईंनी हातातली भाकरी परातीत ठेवली. हाताचं पीठ झटकलं. आतापर्यंत त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नव्हता.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हेंना इचारत जाऊ नका. मला इचारत जा."

"हो वहिनी, पुढच्या वेळी तुम्हालाच—"

"पुढच्या वेळी कशाला? आत्ता इचारा."

वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत सगळे थांबलो. मग मी ताटातून हात बाजूला घेतला आणि विचारलं, "वहिनी, सुभेदारांना माझ्याबरोबर अलास्काला नेऊ का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या, आणि गरम भाकरी माझ्या ताटात वाढली.

सुभेदार खाली मान घालून जेवत होते. त्यांनी हळूच सोडलेला सुटकेचा श्वास मला ऐकू आला.